पस्तिशीची रेघ : गर्भाशयाचे वय कोणी ठरवले?

आपल्याकडे प्रसूतिगृहात एखाद्या गरोदर बाईचा कागद चाळला, तर त्यावर कधी कधी दोन इंग्रजी शब्द लिहिलेले दिसतात, ‘एल्डरली प्रायमी’. बाई पहिलटकरीण आहे आणि वयाने ‘मोठी’ आहे, असा त्याचा अर्थ. मोठी म्हणजे किती? तर वयाची पस्तिशी पूर्ण झालेली. नोकरीत ज्या वयात माणसाला तरुण म्हणतात, राजकारणात तर अगदीच पोरगेले समजतात, त्या वयात बाईच्या कागदावर ‘वयस्क’ असा शिक्का बसतो.

हे दोन शब्द मी पहिल्यांदा नात्यातल्या एका मुलीच्या फाइलवर वाचले. मुलगी शिकलेली, शिक्षिका. लग्न उशिरा झाले आणि छत्तिसाव्या वर्षी दिवस गेले. फाइलवरचे ते शब्द लाल शाईत होते. घरातल्या बायकांना इंग्रजी कळत नव्हते, पण लाल शाई कळत होती. मग ‘आधीच सांगत होतो’, ‘एवढं शिकवायची काय गरज होती’, ‘आता बच्चेदानीत ताकद कुठून राहणार’ अशी बोलणी सुरू झाली. यातल्या शेवटच्या वाक्यावर मी अडकलो. गर्भाशयात ताकद राहणार नाही, म्हणजे नेमके काय? ताकद कशाची? ती वयाने कमी होते का? आणि होत असेल, तर पस्तीस ही रेघ कोणी मारली?

मी डॉक्टर नाही. इतिहास वाचणारा माणूस आहे. त्यामुळे माझा शोध ग्रंथांकडून सुरू झाला. त्यात मला आपल्याशी, म्हणजे यूनानी तिबची परंपरा सांगणाऱ्या समाजाशी जोडलेले बरेच काही सापडले. ते इथे मांडतो.

मूल बाहेर येते की ढकलले जाते?

गर्भाशय हा मुळात एक स्नायू आहे, ही गोष्ट आज शाळेतल्या पुस्तकात असते. पण माणसाला ती कळायला फार काळ लागला. हिप्पोक्रेटिसच्या नावाने जे प्राचीन ग्रीक ग्रंथ ओळखले जातात, त्यांत बाळंतपणाचा कर्ता आई नाही, मूल आहे. पोटातले अन्न पुरेनासे झाले की मूल हातपाय झाडते, पडदे फोडते आणि बाहेर पडते. अंड्यातून पिल्लू कवच फोडून येते, तशी ही कल्पना होती. या चित्रात गर्भाशय म्हणजे फक्त एक भांडे. त्या काळी गर्भाशय शरीरात इकडेतिकडे फिरते आणि त्यामुळे बायकांना आजार होतात, असेही मानले जाई.

हे चित्र बदलले ते जालीनूसने. यूनानी हकीम ज्याला जालीनूस म्हणतात, तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला गॅलेन. आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गामम शहरात जन्मलेला आणि रोममध्ये नाव कमावलेला वैद्य. त्याने मांडले की शरीराच्या प्रत्येक अवयवात काही नैसर्गिक शक्ती असतात. एक ओढून घेणारी, एक धरून ठेवणारी, एक पचवणारी आणि एक बाहेर टाकणारी. यूनानी तिबच्या अभ्यासक्रमात आजही त्यांना कुव्वते जाजिबा, मासिका, हाजिमा आणि दाफिआ म्हणतात. धरून ठेवणारी आणि बाहेर टाकणारी शक्ती समजावताना गॅलेनने उदाहरण घेतले ते गर्भाशयाचे. नऊ महिने हा अवयव तोंड घट्ट मिटून गर्भ सांभाळतो आणि वेळ भरली की तोच अवयव उलट काम सुरू करतो. त्याचे तोंड हळूहळू उघडते आणि आतले बाहेर ढकलले जाते. सुइणी बोटाने चाचपून हे उघडणे ओळखतात आणि ते पुरेसे होईपर्यंत बाईला प्रसूतीच्या खुर्चीवर बसवत नाहीत, असेही तो सांगतो. म्हणजे त्याच्या या सिद्धांतामागे त्या काळच्या सुइणींच्या बोटांचे ज्ञान होते.

नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती विद्वानाने गॅलेनचे ग्रंथ सुरयानी आणि अरबी भाषेत आणले. त्यानंतरच्या शतकात इराणमध्ये अली इब्न अब्बास अल मजूसी हा हकीम झाला. ‘मजूसी’ या नावावरूनच त्याचे घराणे मूळचे जरथुष्ट्री असल्याचे कळते. बुवैही शासक अदुद अद्दौला याच्यासाठी त्याने ‘कामिल अस्सिनाआ’ हा मोठा वैद्यकग्रंथ लिहिला. मूल आपोआप बाहेर येत नाही, गर्भाशयाच्या हालचालीने ते ढकलले जाते, ही गोष्ट त्याने स्पष्ट शब्दांत मांडली, म्हणून वैद्यकाच्या इतिहासात त्याचा उल्लेख होतो. त्याच शतकात कुर्तुबामध्ये अरीब इब्न सअद याने गर्भाची घडण, गरोदर बायकांची काळजी आणि नवजात मुलांची निगा यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

इथे एक गोष्ट सांगून पुढे जातो. ‘गर्भाशय मूल ढकलते हे जगाला सर्वप्रथम मुस्लिम हकिमांनी सांगितले’ अशा धर्तीचे संदेश आपल्याकडे मोबाइलवर आनंदाने फिरवले जातात. ते बरोबर नाही. विचार गॅलेनचा होता, तर्जुमा एका ख्रिस्ती विद्वानाचा होता आणि मांडणी जरथुष्ट्री घराण्यातल्या हकिमाची होती. हे सारे अरबी भाषेत आणि मुस्लिम राज्यांच्या आश्रयाने झाले, हा आपला वारसा. तो एवढा मोठा आहे की त्याला खोट्या पहिलेपणाची गरज नाही.

इब्न सीनाची यादी

आता वयाकडे येऊ. इब्न सीना (९८० ते १०३७) याच्या ‘अल कानून फित्तिब’ या ग्रंथात माणसाच्या वयाचे चार टप्पे आहेत. पहिला वाढीचा, साधारण तीस वर्षांपर्यंत. दुसरा भर तारुण्याचा, पस्तीस किंवा चाळीसपर्यंत. तिसरा उताराचा, पण ज्यात ताकद अजून टिकून असते असा, साठपर्यंत. आणि चौथा म्हातारपणाचा. पस्तीस हा आकडा इथे दिसतो, पण तो पुरुष आणि स्त्री दोघांसाठी आहे आणि सगळ्या शरीरासाठी आहे. शिवाय ‘पस्तीस किंवा चाळीस’ असा सैल आहे. वय वाढते म्हणजे काय होते, यावर यूनानी उत्तर असे की शरीरातला मूळचा ओलावा आणि ऊब कमी होत जाते. दिव्यातले तेल संपत जावे तसे. आज हे उत्तर कोणी मानत नाही. पण त्यातली एक समज महत्त्वाची आहे. तेल एका रात्रीत संपत नाही, ते हळूहळू उतरते.

याच ग्रंथात अवघड बाळंतपणाचे एक प्रकरण आहे. बाळंतपण का अडते, याची कारणे इब्न सीना गटांनी देतो. काही कारणे आईकडची, काही मुलाकडची, काही गर्भाशयाची, काही वारेची, काही शेजारच्या अवयवांची. काही वेळेची, म्हणजे दिवस भरण्याआधी कळा लागल्या तर. काही बाहेरची, जसे की कडाक्याची थंडी. आणि एक गट चक्क दाईचा आहे. आईकडच्या कारणांत तो आजारपणाने किंवा उपासमारीने आलेला अशक्तपणा सांगतो, पहिल्या खेपेची भीती सांगतो, लठ्ठपणा सांगतो आणि वय होऊन ताकद कमी झालेली बाई हेही सांगतो.

हे वाचताना मी थांबलो, कारण एक हजार वर्षांपूर्वीच्या या यादीत वय आहे, पण ते एका लांब यादीतले एक कारण आहे. त्याच्या शेजारी भूक आहे, भीती आहे, थंडी आहे आणि बाळंतपण करणाऱ्या माणसाचे कौशल्यही आहे. त्या मुलीच्या फाइलवर मात्र यादी नव्हती. वय तेवढे लाल शाईत होते.

‘कानून’चा लॅटिन तर्जुमा बाराव्या शतकात तोलेदोमध्ये क्रेमोनाच्या जेरार्डने केला आणि पुढची काही शतके तो युरोपच्या विद्यापीठांत शिकवला गेला. शक्तींची भाषा अशी युरोपात पोहोचली. पण ‘शक्ती’ हा शब्द झाला. ती शक्ती कोणत्या मांसातून येते, हे पाहायला शरीर उघडावे लागणार होते.

शक्तीपासून स्नायूपर्यंत

लंडनचा शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर याने १७७४ मध्ये गरोदर गर्भाशयाचा चित्रसंग्रह छापला. ३४ मोठी चित्रे, प्रत्येक रेषा खऱ्या शवावरून काढलेली. ही शवे गरोदरपणात किंवा प्रसूतीत मेलेल्या बायकांची होती. त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. आज बाळंतपणाचे जे शास्त्र बायकांचे प्राण वाचवते, त्याच्या पायाशी या निनावी बायका आहेत, हे विसरू नये.

पुढच्या शतकात सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने गर्भाशयाची भिंत मुख्यतः गुळगुळीत स्नायूंची आहे हे पक्के झाले. हातापायांचा स्नायू आपल्या इच्छेने हलतो. आतड्यांचा आणि गर्भाशयाचा स्नायू आपल्याला विचारत नाही. इंग्रज डॉक्टर जॉन ब्रॅक्स्टन हिक्स याने १८७२ मध्ये दाखवले की हा स्नायू कळा सुरू होण्याआधी, गरोदरपणाच्या महिन्यांतही अधूनमधून आवळतो आणि सैल होतो. आज ‘खोट्या कळा’ म्हणतात त्या याच.

विसाव्या शतकात स्नायूला चालवणारी रसायने सापडली. १९०६ मध्ये हेन्री डेल याने दाखवले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते. त्या अर्कातला पदार्थ म्हणजे ऑक्सिटोसिन. अमेरिकेत व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो याने १९५३ मध्ये तो प्रयोगशाळेत तयार केला आणि १९५५ मध्ये त्याला नोबेल मिळाले. आपल्या बायका ‘कळा यायचं सलाईन’ म्हणतात, त्यात बहुतेक वेळा हेच औषध असते. साधारण त्याच काळात दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे या छोट्या देशात हर्मोजेनेस अल्वारेस आणि रोबेर्तो काल्देइरो बार्सिया या दोन डॉक्टरांनी गर्भाशयातला दाब मोजायला सुरुवात केली. कळांची ताकद मोजण्याच्या एककाला आजही त्यांच्या शहराचे, मोंतेविदेओचे नाव आहे. गॅलेनची ‘बाहेर टाकणारी शक्ती’ आता आकड्यांत मोजता येऊ लागली.

हा स्नायू काम कसा करतो, हे थोडक्यात सांगतो, कारण वयाचा प्रश्न त्यावरच अवलंबून आहे. एरवी मुठीएवढे आणि साधारण ५० ते ७० ग्रॅमचे गर्भाशय नवव्या महिन्यात एक किलोच्या आसपास भरते. स्नायूच्या पेशी लांब आणि जाड होतात. दिवस भरत आले की शेजारच्या पेशींमध्ये बारीक जोडरस्ते तयार होतात, ज्यांतून विजेचा इशारा एका पेशीतून दुसरीत जातो. इशारा आला की पेशीत कॅल्शियम शिरते आणि पेशी आवळते. लाखो पेशी एकाच वेळी आवळल्या तरच त्याची कळ होते आणि गर्भाशयाचे तोंड उघडते. दोन कळांच्या मध्ये स्नायूने सैल होणेही तितकेच गरजेचे, कारण आवळलेल्या स्नायूत रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि बाळाचा प्राणवायू कमी होतो. बाळ आल्यावर आणि वार पडल्यावर हाच स्नायू घट्ट आवळून उघड्या रक्तवाहिन्या बंद करतो. तो आवळला नाही तर रक्तस्राव थांबत नाही. म्हणजे या स्नायूला नुसती ताकद पुरत नाही, त्याला एकजूट आणि लय लागते.

वय या स्नायूचे काय करते?

‘एल्डरली प्रायमी’ची अधिकृत व्याख्या या सगळ्या मोजणीच्या काळातली आहे. तोपर्यंत कोणी डॉक्टर तिशी धरत, कोणी पस्तिशी, कोणी चाळिशी. १९५८ मध्ये स्त्रीरोग आणि प्रसूतितज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पस्तीस हा आकडा ठरवला. त्यामागे स्नायूवर केलेला एखादा प्रयोग नव्हता. नोंदी ठेवताना सगळ्यांनी एकच रेघ वापरावी, ही सोय होती.

पुढे १९७० च्या दशकात या आकड्याला दुसरा आधार मिळाला. गर्भजल तपासून बाळाला डाउन सिंड्रोम आहे का, हे पाहण्याची पद्धत रूढ झाली. या तपासणीत सुईमुळे गर्भपात होण्याचा धोका त्या वेळी साधारण २०० मध्ये एक धरला जाई. आईचे वय पस्तीसच्या आसपास असताना डाउन सिंड्रोमचा संभव या धोक्याच्या जवळपास येतो, म्हणून पस्तिशीनंतर तपासणी सुचवावी असे ठरले. म्हणजे हा हिशेब होता स्त्रीबीजातल्या गुणसूत्रांचा आणि सुईचा. गर्भाशयाच्या ताकदीशी त्याचा संबंध नव्हता. पण आकडा एकदा कागदावर बसला की लोक त्याला सगळ्याच गोष्टींची सीमा मानू लागतात.

मग स्नायूचे स्वतःचे काय? या प्रश्नावर एक महत्त्वाचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. केंब्रिजचे गॉर्डन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमध्ये १९८० ते २००५ या काळात दिवस भरून पहिले बाळंतपण झालेल्या ५,८३,८४३ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. या पंचवीस वर्षांत पहिलटकरणींमधले ३० ते ३४ वयाच्या स्त्रियांचे प्रमाण तिप्पट झाले, ३५ ते ३९ वयाच्यांचे सातपट आणि चाळिशीपुढच्यांचे दहापट. सिझेरियन वाढले, त्यामागे वयाचा वाटा किती? वयाचे गणित १९८० सारखेच राहिले असते, तर वाढलेल्या सिझेरियनपैकी ३८ टक्के टळली असती, असा त्यांचा हिशेब निघाला. वय वाढते तसे बाळंतपण लांबते आणि चिमटा किंवा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाणही वाढते, असे दिसले.

याच अभ्यासाचा दुसरा भाग माझ्या प्रश्नाचे थेट उत्तर देतो. सिझेरियनच्या वेळी गर्भाशयाच्या स्नायूचे बारीक तुकडे घेऊन ते प्रयोगशाळेत जिवंत ठेवता येतात आणि ते आपोआप आवळतात व सैल होतात. अशा ६२ स्त्रियांच्या तुकड्यांत दिसले की आईचे वय जास्त असेल तर स्नायू स्वतःहून कमी आवळतो आणि एका सलग आकुंचनाऐवजी अनेक टोकांचे, तुटक आकुंचन होण्याचा संभव वाढतो. वर जी एकजूट आणि लय म्हटली, तीच सैल पडते. वर्षानुवर्षे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांच्या पाळ्या झेलल्यामुळे हे होत असावे, असा तर्क संशोधकांनी मांडला. उंदरांवरच्या प्रयोगांतही वय झालेल्या माद्यांची प्रसूती लांबलेली आणि गर्भाशयाचे आकुंचन मंदावलेले दिसले आहे. मात्र माणसांच्या स्नायूंवर काम करणाऱ्या सगळ्या प्रयोगशाळांना एकसारखेच निकाल मिळालेले नाहीत. काहींना गरोदर स्त्रियांच्या स्नायूत वयाने फरक दिसला नाही.

म्हणजे घरातल्या बायका ‘ताकद’ म्हणत होत्या, त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. वयाचा परिणाम होतो. पण स्कॉटलंडच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सिझेरियनचा संभव पस्तिशीला एकदम उडी मारत नाही. तो सोळाव्या वर्षापासूनच वयाबरोबर सलग वाढत जातो. चौतिसाव्या आणि छत्तिसाव्या वर्षातला फरक जवळपास तेवढाच, जेवढा चोविसाव्या आणि सव्विसाव्यातला. वाट उताराची आहे, पण पस्तिशीला कडा नाही. इब्न सीनाच्या दिव्यातले तेल हळूहळू उतरत होते, तसेच.

उलटा अर्थ काढणाऱ्यांसाठी

हे वाचून कोणी म्हणेल, मग मुलींची लग्ने सोळाव्या वर्षीच करा. आपल्या समाजात असे म्हणणारे आहेत आणि आता त्यांच्या हाती विज्ञानाचा आकडा लागेल. म्हणून स्पष्ट लिहितो. स्नायू जोमाने आवळतो, एवढ्याने बाळंतपण सुखरूप होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार १० ते १९ वयाच्या मातांना झटके येण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका २० ते २४ वयाच्या मातांपेक्षा जास्त असतो. शरीर पुरते वाढलेले नसते, कमरेची हाडे भरलेली नसतात, अंगात रक्त नसते.

महाराष्ट्राला हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. आनंदीबाई जोशी यांचे लग्न नवव्या वर्षी झाले. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि बाळ दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या डॉक्टर व्हायला निघाल्या. १८८६ मध्ये अमेरिकेत त्यांनी पदवी घेतली आणि प्रबंधाचा विषय निवडला तोही हिंदू समाजातल्या प्रसूतिशास्त्राचा. पुढच्या वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्या गेल्या. मुलींच्या संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला आणि त्याने वय दहावरून बारावर नेले, तर त्यावरही केवढा गदारोळ झाला. ज्या समाजात वयाचा प्रश्न शंभर वर्षे ‘फार लहान’ हाच होता, तिथे शिकून उशिरा आई होणाऱ्या मुलीला गुन्हेगार ठरवणे मला पटत नाही.

स्नायू थकतो, पण संपत नाही

वयाचा घाला सर्वांत आधी बसतो तो स्त्रीबीजांवर. गर्भाशय त्या मानाने चिवट आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मार्क सॉअर, रिचर्ड पॉलसन आणि रोजेरियो लोबो या डॉक्टरांनी दाखवले की पाळी नैसर्गिकरीत्या थांबलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांचे गर्भाशयही संप्रेरके दिल्यावर दुसऱ्या स्त्रीच्या बीजापासून झालेला गर्भ वाढवू शकते. अशी गर्भधारणा जोखमीची असते आणि तिच्या धार्मिक, नैतिक बाजू वेगळ्या. मला सांगायचे आहे ते एवढेच, की पाळी गेली म्हणजे हा स्नायू मेला, असे नाही. इस्ट्रोजेन थांबले की तो आक्रसतो, लहान होतो, पण हाक दिली तर उत्तर देतो. हजरत इब्राहीम यांच्या वृद्ध पत्नीला मूल होण्याची कथा यहुदी, ख्रिस्ती आणि मुस्लिम अशा तिन्ही परंपरांत चमत्कार म्हणून सांगितली जाते. वय बीजाला आणि कुशीला थकवते, हे तेव्हाच्या लोकांनाही ठाऊक होते.

गर्भाशयाचे काम फक्त बाळंतपणापुरते नाही. गरोदर नसतानाही हा स्नायू हलत असतो. पाळीत तो आवळतो, म्हणून रक्त बाहेर पडते आणि पोटात दुखते. पाळीच्या मधल्या दिवसांत त्याच्या बारीक लाटा चालू असतात. पण आपल्या बोलीत त्याचे नाव आहे ‘पिशवी’. मुले झाली की पिशवीचे काम संपले, आता ती फक्त त्रास देणार, हा विचार या नावातच दडलेला आहे.

त्याचा परिणाम आपण बीडमध्ये पाहिला. ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशये तरुण वयातच काढली जातात, अशा बातम्यांनंतर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यातल्या अनेकींचे वय फाइलवरच्या त्या ‘वयस्क’ रेघेच्याही आत होते. पाळीच्या दिवसांत काम बुडते, उसाच्या फडात आडोसा नाही, पाणी नाही. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, डॉक्टर म्हणतो पिशवी खराब झाली. अंडाशये शाबूत ठेवून नुसते गर्भाशय काढले, तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याचा संभव वाढतो. इथे गर्भाशयाला वयाने थकवले नव्हते. थकवले होते ते कामाने, गरिबीने आणि घाईने केलेल्या निदानाने. इब्न सीनाची यादी पुढे ठेवली, तर ही कारणे आईच्या वयाच्या खाली येत नाहीत. ती अशक्तपणाच्या, बाहेरच्या परिस्थितीच्या आणि दाईच्या खाली येतात.

रेघेचा उपयोग आणि दुरुपयोग

पस्तिशीची रेघ पुसून टाका, असे मी म्हणत नाही. पस्तिशीनंतर रक्तदाब, मधुमेह, गर्भाशयातल्या गाठी यांचे प्रमाण वाढते, बाळंतपण लांबू शकते, तेव्हा डॉक्टरांनी जास्त लक्ष द्यावे, यासाठी ती रेघ उपयोगाची आहे. ती दवाखान्याला सावध करण्यासाठी आहे. बाईला दोष देण्यासाठी ती मारलेली नाही. ‘एल्डरली’ हा शब्द आता जगभरच्या वैद्यकीय लिखाणातून मागे पडत चालला आहे, आपल्या फाइलींतूनही तो जायला हरकत नाही.

आपल्या घरांत यावर बोलणे व्हावे, असे मला वाटते. मुलीला मूल कधी हवे हे तिने आणि तिच्या नवऱ्याने ठरवावे, पण ठरवताना त्यांच्यापुढे खरी माहिती असावी. वय वाढते तसे बीज कमी होते आणि गर्भाशयाची लयही थोडी सैल पडते, हे त्यांना आधीच माहीत असावे. त्याचबरोबर हेही माहीत असावे, की पस्तिसाव्या वाढदिवसाला शरीरात काहीही तुटत नाही. आणि ज्या घरात अशी मुलगी गरोदर आहे, त्या घराने ‘उशीर झाला’ हे वाक्य बाजूला ठेवून यादीतल्या बाकीच्या गोष्टी पाहाव्यात. तिच्या अंगात रक्त किती आहे, तिला भीती वाटते का, दवाखाना किती दूर आहे, रात्री गाडी मिळेल का, कळांच्या वेळी शेजारी कोण असेल. तिचे वय आता कोणाला बदलता येणार नाही. यादीतले बाकीचे मात्र बरेचसे आपल्या हातात आहे.